ॲक्टनचे पातळ बेअरिंग

मंडळाच्या कार्यक्रमाला वेस्टर्न ॲव्हेन्यूवरून येणाऱ्यांना ॲक्टन ओळखीचे आहे. याच रस्त्यावर व्हँडरवेल प्रॉडक्ट्सचा कारखाना होता. मालक टोनी व्हँडरवेल. डिझेल पंपांवर 'सी.ए.व्ही.' ही अक्षरे ज्यांनी वाचली असतील त्यांना सांगतो, ती त्यांच्या वडिलांच्या नावाची आद्याक्षरे.

पिस्टनची ये-जा क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचवतो तो कनेक्टिंग रॉड. त्याचे मोठे टोक क्रँकला कवटाळते आणि मध्ये असते बेअरिंग. पूर्वी मेस्त्री त्या टोकात व्हाइट मेटल वितळवून ओतायचा, मग निळा रंग लावून कुठे घासते ते बघत स्क्रेपरने खरवडायचा. आपल्याकडच्या गॅरेजांतही हे कसब होते. पण ओतलेला थर जाड. इंजिन सतत जोरात पळवले की त्याला तडे जात. त्यातून इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की रॉडवरची ओढ चौपट होते. मजबुतीसाठी रॉड जाड करावा, तर वाढलेले वजनच ती ओढ आणखी वाढवते!

तोड काढली अमेरिकेत, क्लीव्हलंडच्या एका कंपनीने. पोलादी पट्टीवर बेअरिंगच्या धातूचा अगदी पातळ थर द्यायचा आणि तिला अर्ध्या बांगडीचा आकार द्यायचा. असे दोन तुकडे समोरासमोर बसवले की झाले बेअरिंग. पाठीला पोलाद असल्याने पातळ थरच जास्त टिकतो. टोकाचा घेर आटोपशीर राहतो, वजन घटते. झिजले की तुकडे बदलायचे, खरवडणे नाही. 1930 च्या दशकात व्हँडरवेलसाहेबांनी याचा परवाना मिळवला. त्यासाठी ते क्लीव्हलंडच्या ऑफिसात ठाण मांडून बसले होते, असे सांगतात. आज बहुतेक मोटारींच्या इंजिनांत अशीच बेअरिंग असतात.

बेअरिंगची खरी परीक्षा शर्यतीत. 1949 मध्ये त्यांनी फेरारीची गाडी घेतली आणि तिला नाव दिले 'थिनवॉल स्पेशल', म्हणजे चक्क आपल्या बेअरिंगचे. पुढे स्वतःची 'व्हॅनवॉल' काढली. 1957 मध्ये एन्ट्रीला मॉस आणि ब्रुक्स या दोघांनी मिळून तिच्यावर ब्रिटिश ग्रां प्री जिंकली. 1958 मध्ये गाडी बनवणाऱ्यांचे जागतिक विजेतेपद प्रथमच ठेवले गेले, तेही ॲक्टनला आले.

त्याच मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत, मोरोक्कोत, स्टुअर्ट लुइस-इव्हान्सच्या व्हॅनवॉलचे इंजिन जाम झाले. गाडी पेटली आणि सहा दिवसांनी तो गेला. वय अवघे 28. व्हँडरवेलसाहेबांची प्रकृती आधीच ढासळली होती. जानेवारी 1959 मध्ये त्यांनी शर्यतीतून अंग काढून घेतले. बेअरिंगचा कारखाना मात्र चालूच राहिला.