ओळीच्या अखेरीचे संयोगचिन्ह : ‘रेकॉर्ड’ या क्रियापदाचा इतिहास

इंग्रजीतील ‘रेकॉर्ड’ हा शब्द ओळीच्या अखेरीस तोडावा लागला, तर तो कोठे तोडावा हे केवळ त्याच्या वर्णांवरून ठरत नाही. तो नाम असेल तर रोमन लिपीतल्या तिसऱ्या वर्णानंतर संयोगचिन्ह येते. क्रियापद असेल तर दुसऱ्या वर्णानंतर. जुळाऱ्याला आधी वाक्य वाचावे लागते, मग खिळा उचलता येतो. मुद्रणशाळेतील या क्षुल्लक भासणाऱ्या व्यवहारात शब्द ही ध्वनींची रचना मानायची की अर्थांची, हा प्रश्न दडलेला आहे.

हे क्रियापद लॅटिन ‘रेकॉर्डारी’पासून आले. ‘रे’ म्हणजे पुन्हा आणि ‘कॉर’ म्हणजे हृदय. लॅटिन भाषकांच्या दृष्टीने हृदय हे स्मृतीचेही स्थान असल्यामुळे पुन्हा हृदयात आणणे म्हणजे स्मरणे. जुन्या फ्रेंचच्या वाटेने ते इंग्रजीत आले तेव्हा घोकणे, पाठ म्हणणे, कथन करणे हे अर्थ घेऊन आले. लिहिण्याशी त्याचा अनिवार्य संबंध नव्हता. इतिहासकार मायकेल क्लँची यांनी 1979 च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, बाराव्या शतकातील इंग्लंडच्या न्यायव्यवहारात ‘रेकॉर्ड’ देणे म्हणजे तोंडी साक्ष देणे होते. दस्तऐवजाने ही जागा पुढे हळूहळू बळकावली. जुन्या अर्थाची एक शाखा संगीतात टिकून राहिली. पक्ष्याने आपले गाणे घोळवणे यालाही हेच क्रियापद वापरले जाई, आणि ‘रेकॉर्डर’ या बासरीवजा वाद्याचे नाव त्यातूनच आले; 1388 च्या एका हिशेबात ते आढळते. हॅम्लेट रंगमंचावर मागवतो ती हीच वाद्ये. एडिसनच्या फोनोग्राफनंतर, म्हणजे 1877 नंतर, या क्रियापदाला ध्वनिमुद्रणाचा अर्थ मिळाला, तेव्हा ध्वनीकडे ते नव्याने नव्हे तर परतून आले, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

नाम आणि क्रियापद यांच्यातील आघातभेदाचा इतिहासही जुना आहे. पीटर लेव्हिन्सच्या 1570 च्या यमककोशाच्या आधारे डोनाल्ड शर्मन यांनी 1975 मध्ये दाखवून दिले, की नामात पहिल्या आणि क्रियापदात दुसऱ्या अक्षरावर आघात असलेल्या जोड्या त्या वेळी तीनच होत्या : ‘आउटलॉ’, ‘रेबेल’ आणि ‘रेकॉर्ड’. 1800 पर्यंत त्यांची संख्या 70 झाली, 1934 पर्यंत 150. अर्थात असे बदल फर्मानाने घडत नाहीत. 1609 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेक्सपिअरच्या सुनीतांपैकी 59 व्या सुनीतात हा शब्द नाम असूनही वृत्तासाठी आघात दुसऱ्या अक्षरावर घ्यावा लागतो. आधुनिक उच्चाराच्या सवयीने ती ओळ वाचणारा वाचक शेक्सपिअरला अकारण वृत्तदोष लावतो.

आघात कोठे पडतो यावर शब्द कोठे तोडायचा हे अवलंबून असावे, हा विचार मात्र बराच नंतर रूढ झाला. टॉमस डिलवर्थच्या 1740 च्या अंकलिपीत जुना नियम होता : दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते आणि शब्दारंभी येऊ शकणारी जोडव्यंजने तोडायची नसतात. त्यानुसार ‘क्ल-स्टर’, ‘हॅ-बिट’. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल, कारण देवनागरीही ‘पुस्तक’ हा शब्द पु-स्त-क असाच मांडते. उच्चार मात्र पुस्-तक असा होतो, आणि म्हणूनच छंदःशास्त्रात जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू ठरते. डोळ्याचे अक्षर आणि कानाचे अक्षर यांतील हीच तफावत इंग्रजीत वादाचा विषय झाली. रॉबर्ट लाउथने 1762 च्या आपल्या व्याकरणात व्युत्पत्ती बाजूला ठेवून उच्चाराप्रमाणे विच्छेद करावा असे सांगितले होते. 1783 मध्ये नोहा वेब्स्टरने अमेरिकन शाळांसाठी लिहिलेल्या अंकलिपीत हे तत्त्व अमलात आणले : ‘क्लस्-टर’, ‘हॅब्-इट’. त्यामागे शैक्षणिक कारण होते. ‘हॅ’ सुटे दिसले की मूल तेथे दीर्घ स्वर उच्चारणार. पण राजकीय कारणही होते. नव्या राष्ट्राने ग्रांथिक परंपरेपुढे न झुकता स्वतःच्या बोलीवर विश्वास ठेवावा, असा त्याचा आग्रह होता.

इंग्लंडमध्ये व्युत्पत्तीचा आग्रह टिकला. ऑक्सफर्डच्या मुद्रणालयासाठी होरेस हार्ट यांनी 1893 मध्ये तयार केलेली आणि 1904 पासून विक्रीस आलेली नियमावली पुढे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. व्युत्पत्ती स्पष्ट असेल तेथे तिच्याप्रमाणे, एरवी उच्चाराप्रमाणे, असे तिचे धोरण. म्हणून ब्रिटिश पद्धतीत ‘बायो-ग्राफी’ची घटकपदे शाबूत राहतात, अमेरिकन पद्धतीत ती फुटतात. ‘रेकॉर्ड’च्या बाबतीत मात्र या वादातील दोन्ही पक्ष अपुरे पडतात. उच्चारानुसार तोडलेल्या नामात ‘कॉर’चा आद्य वर्ण मागच्या ओळीत राहतो आणि लॅटिन हृदयाचे दोन तुकडे होतात, क्रियापदात ते अखंड राहते, पण तो वेब्स्टरच्या तत्त्वाचा केवळ योगायोग. व्युत्पत्तिवाद्याला नामही ‘रे’नंतरच तोडावे लागेल, आणि तसे केले तर वाचक क्षणभर त्याला क्रियापद समजेल. ज्या व्युत्पत्तीची जाणीव भाषकाला उरलेली नाही, तिच्या रक्षणासाठी वाचनात अडथळा आणणे समर्थनीय ठरत नाही.

संगणकानेही या ठिकाणी माघार घेतली. फ्रँक लियांग यांनी स्टॅनफर्ड येथे 1983 मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधातील पद्धत डोनाल्ड कनुथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी-प्रणालीत आली. तिच्याबरोबर दिलेल्या अपवादांच्या छोट्या यादीत ‘प्रेझेंट’ आणि ‘प्रोजेक्ट’ हे याच जातीचे शब्द आहेत, आणि ते मुळीच तोडू नयेत अशी सूचना आहे. यंत्राला वाक्य वाचता येत नव्हते. तेव्हा शब्द अखंड ठेवणेच श्रेयस्कर.

मराठीने ही अडचण निराळ्या मार्गाने सोडविली. ब्रिटिश इंग्रजीत नामाचा उच्चार ‘रेकॉर्ड’च्या जवळचा, क्रियापदाचा ‘रिकॉर्ड’च्या जवळचा. मराठीतील ‘रेकॉर्ड’ने दोन्ही अक्षरांचे स्वर नामाकडून घेतले. आघातभेदाचे काम ‘करणे’ या क्रियापदाकडे सोपविले गेले, तर अर्थभेदाचे काही काम लिंगाने उचलले : कचेरीतले ते रेकॉर्ड, ग्रामोफोनवरची ती रेकॉर्ड. आणि देवनागरीत हा शब्द नाम असो वा क्रियापदाचा भाग, पहिले अक्षर ‘रे’पाशीच संपते.