दल्ली-राजहरा येथील संप आणि घराची स्मृती

मराठी माणसाची इतिहासविषयक श्रद्धा कागदावर बसलेली आहे, आणि ती तशी बसावी याला सबळ कारणही आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, घरोघरच्या माळ्यांवरील दप्तरे उतरवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. पुढे १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि अस्सल कागदावाचून विधान करू नये, हा दंडक आपल्याकडे रुजला. तो आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्या घरांना माळाही नाही आणि दप्तरही नाही, त्या घरांचा इतिहास कोठून काढावयाचा, हा प्रश्न त्या दंडकाने सुटत नाही. १९७७ सालच्या दल्ली-राजहरा येथील खाणकामगारांच्या संपाचा विचार करताना तो आमच्यापुढे उभा राहतो.

भोपाळच्या वाचकांना हे ठिकाण परके नाही. ज्या दुर्ग जिल्ह्यात ते होते, तो १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात मोडत असे. त्यानंतर २००० साली छत्तीसगड वेगळे होईपर्यंत त्याचा कारभार भोपाळहून चालला. आज हे गाव बालोद जिल्ह्यात आहे. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, आणि तिला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून येऊ लागले. तथापि कारखाना सरकारी असला, तरी हाताने चालणाऱ्या खाणींतील हजारो मजूर ठेकेदारांचे होते. तेथे कामाला बहुधा जोडी लागे : पुरुषाने खणावे, स्त्रीने वाहावे. म्हणून काम थांबले की घरातील एक नव्हे, दोन्ही मिळकती एकाच दिवशी थांबत. या संपाचा भार किती होता, हे समजण्यासाठी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे.

आणीबाणी उठत असतानाच ठिणगी पडली. बोनसच्या वाटाघाटीत कायम कामगारांना ३०८ रुपये आणि ठेक्यावरील मजुरांना ७० रुपये ठरले. एकाच डोंगरातील एकाच खनिजाला घामाचे दोन भाव असावेत, हे मजुरांना पटले नाही. मार्च १९७७ मध्ये ते प्रस्थापित संघटना सोडून बाहेर पडले व त्यांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. नुकतेच तुरुंगातून सुटलेले शंकर गुहा नियोगी यांना त्यांनी नेतृत्वासाठी बोलावून आणले. नियोगी मूळचे बंगालचे. ते पूर्वी भिलाईच्या कारखान्यात कामास होते आणि पुढे दानीटोला येथील खाणीत मजूर म्हणून राबले होते.

पुढील मागण्या पाहिल्या म्हणजे या लढ्याचे खरे स्वरूप उघड होते. काम न मिळालेल्या दिवसाचा भत्ता ही एक मागणी. आणि पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी, बांबू व बल्ल्या विकत घेण्यासाठी, १०० रुपये ही दुसरी. मे महिना सरत आला होता आणि मृग तोंडावर होता. मान्य झालेली ही रक्कम प्रत्यक्ष हातात पडेना, तेव्हा काम पुन्हा थांबले. क्रांतीच्या ग्रंथांत छपराला जागा नसेल. परंतु दल्ली-राजहऱ्याचा लढा पेटला तो गळणाऱ्या छपराखाली.

२ जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगींना संघाच्या झोपडीतून उचलून नेले. जे पोलीस मागे राहिले त्यांना जमावाने घेरले. त्या वेढ्यातून सुटण्यासाठी पोलिसांनी गोळीबार केला, आणि दुसऱ्या दिवशी जादा कुमक आल्यावर तो पुन्हा झाला. दोन्ही मिळून अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यांत एक कामकरी स्त्री होती आणि एक लहान मुलगाही होता. राज्यात त्या वेळी राष्ट्रपती राजवट होती. अडकलेल्यांना सोडविणे भाग होते, हे शासनाचे म्हणणे आम्ही दृष्टीआड करीत नाही. वेढा पडला होता, हे खरेच आहे. परंतु तो वेढा शंभर रुपयांच्या बांबूपासून सुरू झाला होता, हेही तितकेच खरे आहे. गोळीबारानंतरही मजूर कामावर परतले नाहीत, आणि अखेर त्यांच्या मागण्या मान्य कराव्या लागल्या.

यानंतरचा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. मृतांची स्मृती त्या वस्तीने केवळ पुतळ्यात किंवा चौथऱ्यात बंदिस्त केली नाही. संघाची उपाध्यक्ष असलेली एक खाणकामगार स्त्री बाळंतपणात उपचारांवाचून दगावली होती. तिच्या मृत्यूचे शल्य आणि अकरा जणांची आठवण ही दोन्ही एकत्र आली. मजुरांनी आपल्या वर्गणीतून व आपल्या श्रमांतून दवाखाना बांधला. ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराच्या स्मृतिदिनीच, शहीद रुग्णालय सुरू झाले. दारूबंदीची चळवळही याच घरांतून उठली, आणि तिचा खरा कणा स्त्रिया होत्या. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईस नियोगींची झोपेत गोळी घालून हत्या झाली. तरी रुग्णालय चालू राहिले.

छप्पर, बाळंतपण, मुलाचा मृत्यू, नवऱ्याची दारू : या संपाचे सर्व टप्पे घराच्या उंबरठ्याच्या आतले आहेत. म्हणूनच त्याचा इतिहास केवळ सरकारी कागदांवरून लिहिता येणार नाही, असे आमचे मत आहे. गोळ्या किती झाडल्या, हे कागद सांगेल. चूल किती दिवस पेटली नाही, हे तो सांगणार नाही. स्मृती चुकते, तिथी उलटसुलट करते, हे आम्ही जाणतो. पण म्हणून ती टाकून द्यावयाची नसते, पारखून घ्यावयाची असते. कागदाशी, इतर साक्षींशी ताडून पाहावे, ही राजवाड्यांचीच शिस्त येथेही लावता येईल.

मात्र वेळ थोडा आहे. त्या रात्री दहा वर्षांचे असलेले मूल आज साठीच्या उंबरठ्यावर आहे, आणि तेव्हाचे तरुण आईबाप कितीसे उरले असतील? २०२७ च्या जूनमध्ये या घटनेला पन्नास वर्षे पूर्ण होतील. जेथे शिक्षक आहे आणि त्याच्यासमोर श्रमिकांची मुले बसली आहेत, तेथे त्याने त्यांना एक गृहपाठ अवश्य द्यावा : घरी जाऊन आजीला विचारा आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून आणा. माळे नसलेल्या घरांचे दप्तर ते हेच होय.