नाणेफेक नको, गाडी द्या

वाचकहो, महागाव, पुसद, उमरखेड या भागात ज्याने एकदा तरी शंकरपट पाहिला असेल, त्याला शर्यत म्हणजे काय हे मी निराळे काय सांगावे? पीक निघून रान मोकळे झालेले असते. गावोगावचे शेतकरी आपापल्या जोड्या घेऊन जमतात. ज्या बैलाला वर्षभर आपल्या हाताने ढेप चारली, त्याच्यावर आता पंचक्रोशीचे डोळे लागलेले असतात. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना बंदी घातली आणि 2023 साली घटनापीठाने राज्याचा नवा कायदा ग्राह्य धरला, हे आपण जाणताच. पण बंदी असो वा परवानगी, एक प्रश्न प्रत्येक जोडीवाल्याच्या घरी विचारला जातोच: "एवढा खर्च कशापायी?" त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडत नाही.

हाच प्रश्न मोटारींच्या शर्यतीतही आहे. तिथे दोन प्रकारचे लोक उतरतात. एकाच्या पाठीशी मोटारीचा कारखाना उभा असतो. इंजिन त्याचे, मिस्त्री त्याचे, मोडले तर भरपाईही त्याचीच. दुसरा आपल्या हिकमतीवर आणि पदरच्या पैशावर येतो. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा, म्हणा ना! या दुसऱ्या पंथातील लोकांचे आवडते मैदान म्हणजे सलून गाड्यांची शर्यत. सलून म्हणजे आपली नेहमीची चार दारांची, मागे डिकी असलेली गाडी. ज्या गाडीतून माणूस बाजाराला जातो, त्याच जातीच्या गाडीतून शर्यत.

आज ज्यांची हकिकत सांगणार आहे ते जॅक सिअर्स इंग्लंडचे. जन्म 1930 सालचा. धंद्याने शेतकरी, नॉरफोक परगण्यात त्यांची शेती होती. कारखान्याचा हात त्यांना अधूनमधून मिळे, त्या बदल्यात लांब पल्ल्याच्या रॅलीत ते त्यांच्या गाड्याही चालवीत. पण पोट शेतीवर होते, शर्यतीवर नव्हे.

1958 साली इंग्लंडात सलून गाड्यांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिचा नियम मोठा शहाणपणाचा होता. इंजिनाच्या आकारावरून गाड्यांचे चार गट पाडले, आणि गुण द्यायचे ते ज्याच्या त्याच्या गटातील क्रमांकावर. पैसेवाल्याची मोठी गाडी पुढे गेली म्हणून लहान गाडीवाल्याचे नुकसान होत नसे. लहान गाडीवाला आपल्या गटात पहिला आला की त्याचे गुण तेवढेच मोलाचे. असा नियम नसता तर साध्या गाडीच्या मालकाने घरून निघायलाच नको होते.

सिअर्स यांची गाडी ऑस्टिन वेस्टमिन्स्टर. दिसायला भारदस्त, धावायला बरी, पण शर्यतीसाठी जन्मलेली नव्हे. त्यांच्यापुढे सर्वांत मोठ्या गटात होते टॉमी सॉपविथ. पहिल्या महायुद्धात गाजलेली सॉपविथ विमाने ज्यांच्या कारखान्यात बनली, त्यांचे हे चिरंजीव. स्वतःचे पथक आणि हाती 3.4 लिटरची जॅग्वार. वर्षभर दोघेही आपापल्या गटात जिंकत राहिले, आणि हंगाम संपला तेव्हा दोघांचे गुण अगदी सारखे!

आता विजेता कोण? अधिकाऱ्यांनी सुचविले, नाणे उडवा. दोघांनाही ते पटले नाही. आणि का पटावे? वर्षभर घाम गाळायचा आणि शेवटी छापा की काटा? शेवटी ऑस्टिन, रायली या गाड्या ज्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, तिच्याकडून दोन रायली वन-पॉइंट-फाइव्ह गाड्या मिळाल्या, शक्य तितक्या सारख्या. ठरले असे: ब्रँड्स हॅच मैदानावर पाच फेऱ्यांची एक शर्यत, मग गाड्यांची अदलाबदल, पुन्हा पाच फेऱ्या, दोन्हींची वेळ मिळवायची आणि ज्याची कमी तो अजिंक्य. म्हणजे एखादी गाडी थोडी सरस असली तरी ती दोघांच्याही वाट्याला येणार.

त्या दिवशी पाऊस होता. पहिली शर्यत सॉपविथनी घेतली, दुसरी सिअर्सनी. घड्याळे जुळवून बेरीज केली तेव्हा शेतकरी जिंकला होता, 1.6 सेकंदाने. एवढ्या वेळात आपण दाराची कडीसुद्धा काढत नाही! पण हरणाऱ्यालाही म्हणता आले नाही की नशिबाने घात केला. निकाल सेकंदाचा होता, तरी निवाडा पुरता होता.

यात आपल्या ओळखीचीही एक गोष्ट आहे, बरं का. त्या रायलीत 1489 सी.सी.चे जे इंजिन होते, त्याच घराण्याचे इंजिन पुढे आपल्या हिंदुस्थान मोटर्सच्या अॅम्बेसिडरमध्ये आले. 2014 साली अॅम्बेसिडरचे उत्पादन थांबले. पण कलेक्टरसाहेबांच्या दौऱ्यापासून वऱ्हाडापर्यंत तिने आपल्या जिल्ह्यातले किती रस्ते तुडवले, ते जुन्या मंडळींना विचारा.

1963 साली सिअर्स पुन्हा अजिंक्य झाले. तेव्हा ते जॉन विलमेंट यांच्या पथकातून फोर्डच्या गाड्या चालवीत. त्यांत सात लिटरची अगडबंब अमेरिकन गॅलेक्सी होती. मे महिन्यात सिल्व्हरस्टोनला तिने जॅग्वारांना मागे टाकले आणि सलून शर्यतीतील जॅग्वारची मक्तेदारी मोडली.

पुढच्या वर्षी वादळ उठले. ल मान्सच्या शर्यतीआधी नव्या ए.सी. गाडीची चाचणी म्हणून सिअर्सनी भल्या पहाटे लंडनच्या एम-1 महामार्गावर ताशी 185 मैलांचा, म्हणजे सुमारे 298 किलोमीटरचा वेग गाठला. महामार्गाला तेव्हा वेगमर्यादाच नव्हती, तेव्हा गुन्हा काही घडला नव्हता. पण वर्तमानपत्रांत हलकल्लोळ झाला. 1965 च्या डिसेंबरात तिथे ताशी 70 मैलांची मर्यादा आली. लोक तिचे खापर सिअर्सवर फोडतात. धुक्यात एकावर एक गाड्या आदळून झालेले अपघात हे त्यामागचे मोठे कारण होते. तरी एवढे खरे, की मैदानाचा वेग रस्त्यावर आणला की त्याची किंमत समाज मोजतो. महागाववरून जाणाऱ्या नागपूर-तुळजापूर महामार्गाच्या कडेला ज्यांची शेते आहेत, त्यांना हे पटवून द्यायला नको.

1965 साली सिल्व्हरस्टोनला चाचणी चालू असता सिअर्सना मोठा अपघात झाला आणि त्यांची शर्यतीची कारकीर्द संपली. पण कहाणी इथे संपत नाही, उलट ती आता आपल्याकडे वळते. 'डेली एक्स्प्रेस' या वृत्तपत्राने लंडन ते सिडनी अशी मोटारींची प्रचंड स्पर्धा योजली. मार्ग ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्ष टॉमी सॉपविथ, आणि चिटणीस कोण? जॅक सिअर्स! दहा वर्षांपूर्वी सेकंदांसाठी झुंजलेले दोघे आता एकाच टेबलावर नकाशा पसरून बसले. त्या नकाशावरचा आशियातील शेवटचा मुक्काम होता मुंबई.

24 नोव्हेंबर 1968 रोजी लंडनहून 98 गाड्या निघाल्या. कारखान्यांची पथके होती, तशीच कर्ज काढून, रजा टाकून आलेली खाजगी माणसेही होती. आपल्या मुंबईचे बोमसी वाडिया आपल्या साथीदारांसह लोटस कॉर्टिना घेऊन त्यांत होते. तुर्कस्थान, इराण, अफगाणिस्तान, दिल्ली असे सुमारे सात हजार मैल तुडवून 72 गाड्या मुंबईला पोचल्या. तिथून 'चुसान' बोटीने ऑस्ट्रेलिया, आणि पुन्हा रस्ता. सिडनी जवळ आले असता आघाडीवरच्या बियांकी यांच्या सिट्रोएनला समोरून येणारी गाडी धडकली. मागून पॅडी हॉपकर्क येत होते. वेळ मोजला जात असताही ते थांबले आणि जखमींच्या मदतीला धावले. जिंकले स्कॉटलंडचे अँड्र्यू कोवन, हिलमन हंटर या साध्या सलून गाडीतून, हॉपकर्क दुसरे. शेवटपर्यंत पोचल्या त्या 56 गाड्या.

सिअर्स 2016 साली वारले. ब्रिटिश स्पर्धेत 2013 पासून त्यांच्या नावाचा चषक दिला जातो. तो अजिंक्यवीराचा चषक नव्हे. मोठ्या नावांच्या मागे राहणाऱ्यांसाठी आहे. ही आठवण मला फार योग्य वाटते.

तेव्हा वाचकहो, "एवढा खर्च कशापायी?" याचे उत्तर मला त्या पावसातल्या दहा फेऱ्यांत सापडते. साधनाने कमी असलेला माणूस दानाची अपेक्षा करीत नाही. त्याला हवी असते एकदा सारखी गाडी, सारखा रस्ता आणि खरे घड्याळ. पटावरचा जोडीवालाही पंचांकडे हेच मागतो. एवढे मिळाले की हरलेला माणूसही ताठ मानेने घरी जातो आणि पुढच्या सालाच्या तयारीला लागतो.