दांतेच्या महाकाव्याचे जाहीर निरूपण

दांते आलिगिएरी (१२६५–१३२१) या इटालियन कवीचे ‘कोमेदिया’ हे महाकाव्य कवीच्या हस्ताक्षरात आज कुठेही उपलब्ध नाही. नकलाकारांनी केलेल्या प्रती आणि लोकांसमोर होणारे त्याचे वाचन व निरूपण, या दोन मार्गांनी ते पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले. यांतील जाहीर निरूपणाची प्रथा कवीच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने फ्लॉरेन्स शहरात सुरू झाली. मधे अनेकदा खंड पडला, तरी ती आजही इटलीत चालू आहे.

फ्लॉरेन्सच्या राजकारणात दांते पुढारी होता. १३०० साली नगराच्या कारभारी मंडळावर त्याची निवड झाली. पण दोनच वर्षांत विरोधी गटाच्या हाती सत्ता गेली आणि त्याला हद्दपार करण्यात आले. शहरात सापडला तर जिवंत जाळावे, अशी शिक्षाही मार्च १३०२ मध्ये फर्मावण्यात आली. त्यानंतर तो गावी कधीच परतला नाही. काव्य वनवासात लिहिले गेले आणि रावेन्ना येथे मृत्यूच्या थोडे आधी पूर्ण झाले.

१३०० सालच्या ईस्टरच्या सुमारास कवी जिवंतपणीच परलोकाची यात्रा करतो, असे त्याचे कथानक आहे. नरकाची नऊ वर्तुळे उतरून तो पृथ्वीच्या मध्याशी, बर्फात रुतलेल्या ल्युसिफर या सैतानापाशी पोहोचतो. तिथून शुद्धिपर्वत चढून स्वर्गात जातो. रोमन कवी व्हर्जिल त्याला पर्वताच्या माथ्यापर्यंत वाट दाखवतो, तर पुढे त्याची प्रिया बेआत्रीचे त्याला स्वर्गात नेते. नरकखंडाचे ३४, उरलेल्या दोन खंडांचे प्रत्येकी ३३, असे एकूण १०० सर्ग आणि १४,२३३ ओळी आहेत. रचना तीन-तीन ओळींच्या कडव्यांची आहे. प्रत्येक कडव्यातील मधल्या ओळीचे यमक पुढच्या कडव्याच्या पहिल्या व तिसऱ्या ओळीत येते. या साखळीमुळे काव्य पाठ करणे सोपे जाते आणि नकलाकाराकडून एखादी ओळ गळली तर लगेच लक्षात येते.

त्या काळी गंभीर विषयावरचा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिण्याचा शिरस्ता होता. दांतेने मात्र तोस्कानाची बोली निवडली, त्यामुळे वाचकवर्ग झपाट्याने वाढला. बोलोन्यातील १३१७ च्या एका न्यायालयीन नोंदवहीवर नरकखंडातील ओळी उतरवलेल्या आढळतात. तेव्हा कवी हयात होता. करारांच्या नोंदींत कोरी राहिलेली जागा कुणी मागाहून मजकूर घुसडू नये म्हणून कवितेच्या ओळींनी भरून टाकण्याची तिथल्या नोटरींची रीतच होती. १३३५ मध्ये डॉमिनिकन संघाने आपल्या धर्मबंधूंना दांतेची लोकभाषेतील पुस्तके वाचण्यास बंदी केली. यावरून ती मठांतही पोहोचली होती हे उघड होते. आज या काव्याची सुमारे ८०० हस्तलिखिते शिल्लक आहेत. त्यांपैकी एक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने ते संस्थेला दिले.

भाषा लोकांची असली तरी अर्थ सोपा नव्हता. काव्यात धर्मशास्त्र आणि खगोलशास्त्र ठासून भरलेले आहे. शिवाय त्यात नावानिशी येणारी कितीतरी माणसे आणि त्यांची भांडणे पन्नास-साठ वर्षांत विस्मरणात गेली होती. १३७३ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या नागरिकांनी नगराकडे अर्ज केला: लॅटिन न जाणणाऱ्यांनाही बोध व्हावा म्हणून, सुट्टीचे दिवस सोडून रोज, वर्षभर हा ग्रंथ समजावून सांगणारा विद्वान नेमावा. सभेत काळ्या-पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांनी मतदान झाले. १८६ मते बाजूने पडली, १९ विरुद्ध. ज्याला या शहराने जाळायला काढले होते, त्याच्या ग्रंथासाठी आता शहराच्याच तिजोरीतून १०० फ्लोरिन मंजूर झाले.

हे काम जोव्हान्नी बोकाच्चो याच्याकडे आले. त्याने दांतेचे चरित्र लिहिले होते आणि संपूर्ण काव्य स्वतःच्या हाताने तीनदा उतरवले होते. ऑक्टोबर १३७३ मध्ये सांतो स्तेफानोच्या चर्चमध्ये त्याने निरूपण सुरू केले. प्रत्येक सर्गाचा आधी सरळ शब्दार्थ आणि मग रूपकार्थ, अशी त्याची पद्धत होती. धर्मग्रंथ आणि अभिजात लॅटिन काव्य शिकवण्याची ही रीत त्याने बोलीभाषेतील काव्याला लावली. अडाणी गर्दीपुढे काव्याचे गूढ उघडे केल्याचा ठपका त्याच्यावर आला, आणि पुढे आपल्या सुनीतांत त्याने याबद्दल खेदही व्यक्त केला. प्रकृती ढासळल्याने १३७४ च्या आरंभी नरकखंडाच्या सतराव्या सर्गात निरूपण थांबले. १३७५ मध्ये तो वारला.

प्रथा मात्र इतर शहरांतही पसरली. बोलोन्यात बेनव्हेनुतो दा इमोला आणि पिसात फ्रान्चेस्को दा बुती यांनी निरूपणे केली व त्यांतून सविस्तर टीकाग्रंथ तयार झाले. ११ एप्रिल १४७२ रोजी फोलिन्यो येथे काव्याची पहिली छापील आवृत्ती निघाली, पण छापील प्रती हाती आल्यावरही निरूपणाची गरज संपली नाही. सोळाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या अकादमीने ते आपल्या नियमित कार्यक्रमात घेतले. १५८८ मध्ये तिथे तरुण गॅलिलिओने दोन व्याख्याने दिली. दांतेच्या नरकाचा आकार आणि ल्युसिफरची उंची यांचा त्याने भूमितीने हिशेब मांडला. काव्याला ‘दिव्य’ हे विशेषण बोकाच्चोने आधीच लावले होते. १५५५ च्या व्हेनिस आवृत्तीपासून ते शीर्षकात रूढ झाले.

सतराव्या शतकात दांतेबद्दलची आस्था ओसरली. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या एकीकरणाच्या चळवळीने त्याला राष्ट्रकवी मानले आणि १८९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या ओर्सानमिकेले या वास्तूत निरूपण पुन्हा सुरू झाले. २००६ मध्ये अभिनेता रोबेर्तो बेनिन्यी याने सांता क्रोचेच्या चौकात हजारो श्रोत्यांपुढे एकेका सर्गाचे विवेचन आणि पाठ केला. रावेन्नात सप्टेंबर २०२० पासून दांतेच्या समाधीपाशी रोज एक सर्ग वाचला जातो. वाचणाऱ्यांत शहरातले रहिवासी असतात आणि बाहेरून आलेले पाहुणेही. शंभर सर्ग पूर्ण झाले की पुन्हा पहिल्यापासून वाचन सुरू होते.