सदुसष्टाव्या घाताची कथा

दोनाचा सदुसष्टावा घात घेऊन त्यांतून एक वजा केला म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या येते. भास्कराचार्यांनीं लीलावतींत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत; ती शिडी येथें अपुरी पडते, कारण ही संख्या चौदाशें पंचाहत्तर परार्धांहूनही मोठी आहे. वाचकांनीं भिऊं नये. येथें हिशेब थोडा व इतिहासच अधिक आहे.

६ या संख्येचे स्वतःखेरीज भाजक १, २ व ३. त्यांची बेरीज पुन्हा ६. २८ ही तशीच. अशा संख्यांना परिपूर्ण म्हणतात. युक्लिडानें सिद्ध केलें कीं, दोनाच्या एखाद्या घातांतून एक वजा करून येणारी संख्या मूळ, म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज कशानेंही निःशेष न भागली जाणारी, असेल, तर तिला दोनाच्या मागच्या घातानें गुणिलें असतां परिपूर्ण संख्या मिळते; जसें ७ × ४ = २८. तेव्हां आपली एकवीस अंकी संख्या मूळ ठरती, तर तिच्यापासून एक नवी परिपूर्ण संख्या हातीं आली असती.

ती मूळच आहे असें पॅरिसचे धर्मोपदेशक मारिन मर्सेन यांनीं १६४४ सालीं लिहून ठेविलें. २५७ पर्यंतच्या ज्या घातांपासून मूळ संख्या मिळतात त्यांच्या यादींत त्यांनीं ६७ घातला. प्रमाण मात्र दिलें नाहीं. पुढें दोनशें बत्तीस वर्षें हें विधान कोणाला खोडतां आलें नाहीं. १८७६ सालीं फ्रेंच गणिती एद्वार ल्युका यांनीं दाखविलें कीं ही संख्या संयुक्त आहे. आश्चर्य असें कीं, तिचा एकही अवयव त्यांना ठाऊक नव्हता! भांडें गळतें हें कळलें, भेग सांपडेना. माझ्या विद्यार्थ्यांस हें कधींच पटत नाहीं; अवयव दाखवा, मग मानूं, असें ते म्हणतात.

ती भेग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे फ्रँक नेल्सन कोल यांनीं दाखविली. ऑक्टोबर १९०३ मध्यें अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेंत त्यांनीं १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ हे दोन अवयव मांडिले. त्या सभेंत ते अक्षरही बोलले नाहींत, फळ्यावर एकीकडे घात व दुसरीकडे गुणाकार केला, उत्तरें जुळलीं आणि टाळ्या पडल्या, अशी गोष्ट एरिक टेंपल बेल यांनीं पुढें अर्ध्या शतकानें सांगितली. या शोधास तीन वर्षांचे रविवार लागले, असें कोलांनीं आपणांस सांगितल्याचेंही ते लिहितात. बेल हे रंगवून सांगणारे लेखक. तेव्हां त्या मौनाविषयीं मी थोडा साशंक आहें. रविवारांविषयीं मात्र नाहीं. या संख्येचा कोणताही अवयव १३४ च्या पटींत एक मिळवूनच होतो, आणि लहान अवयवासाठीं ती पट १४,४५,५८० आहे. कोलांनीं युक्तीनें पुष्कळ उमेदवार गाळले हें खरें. तरी यंत्रावांचून एवढी वाट चालणें सोपें नव्हे.

मर्सेनच्या यादीची छाननी १९४७ सालीं पुरी झाली. ६७ व २५७ चुकीचे ठरले. ६१, ८९ व १०७ राहून गेले होते.

वर्गांत तो गुणाकार मी एका विद्यार्थ्याकडून फळ्यावर करवितों. नऊ अंकांनीं बारा अंकांना गुणतांना अर्धा तास सहज जातो, आणि पहिल्या खेपेस उत्तर बहुधा चुकतें.