कृष्णविवरातील पुंज-जटिलता

साध्या अवस्थेपासून एखादी पुंज अवस्था घडवायला लागणाऱ्या मूलभूत क्रियांची किमान संख्या म्हणजे तिची जटिलता. चहात साखर विरघळावी, तसे कृष्णविवर बाहेरून लवकरच समतोलाला येते आणि एन्ट्रॉपी स्थिरावते. आतला आइन्स्टाइन-रोझेन पूल, म्हणजे दोन बाजूंना जोडणारा अवकाश-काळातला बोगदा, मात्र लांबतच राहतो. मग ही वाढ कशाची? या विलक्षण प्रश्नाला लिओनार्ड ससकिंड यांनी २०१४ मध्ये उत्तर सुचवले : जटिलतेची. हुआन माल्दासेना यांच्या १९९७ च्या होलोग्राफिक द्वैताच्या चौकटीत, म्हणजे आतले गुरुत्व आणि सीमेवरील पुंज सिद्धांत समतुल्य मानले असता, पुलाचे कमाल घनफळ सीमेवरील अवस्थेची जटिलता दाखवते, असा हा विचार. २०१५ मध्ये घनफळाऐवजी ‘ॲक्शन’ (जिच्यापासून गतीची समीकरणे मिळतात ती राशी) हा पर्यायही पुढे आला. जटिलतेची ही एकसारखी वाढ एन्ट्रॉपीसोबत घातांकीय प्रमाणात वाढणाऱ्या प्रचंड काळापर्यंत चालते, असे मानतात. यादृच्छिक पुंज-परिपथांसाठी तशी वाढ गणिताने सिद्ध झाली आहे. कृष्णविवरांसाठी ते अद्याप अनुमानच आहे.