पिस्तूल न बांधणारा डेप्युटी

काउबॉयांचे चित्रपट मी आवडीने पाहतो. पण त्यांतला एखादा पुनःपुन्हा पाहावासा वाटावा, असे क्वचितच घडते. युनिव्हर्सल कंपनीने १९३९ साली काढलेला 'डेस्ट्री राइड्स अगेन' हा त्या क्वचितांपैकी एक. दिग्दर्शक जॉर्ज मार्शल. नाव मॅक्स ब्रँडच्या १९३० सालच्या कादंबरीचे. आतमध्ये मात्र कादंबरीतले फारच थोडे उरले आहे. मीही कादंबऱ्या लिहितो, तेव्हा अशा उसनवारीचा मला राग यायला हवा. पण इथे कर्जदाराने सावकारापेक्षा चांगले घर बांधले आहे. बोलायची सोय नाही!

गावाचे नाव बॉटलनेक, म्हणजे बाटलीचा गळा. गाव केंट नावाच्या गुत्तेवाल्याच्या मुठीत आहे. पत्त्यांच्या डावात त्याची गायिका फ्रेंची एका शेतकऱ्याच्या मांडीवर गरम कॉफी सांडते, त्या गडबडीत पाने बदलली जातात आणि बिचाऱ्याची जमीन जाते. त्या जमिनीवरून गुरांचे कळप न्यावे लागतात. केंटला दर डोई जकात घ्यायची आहे. चौकशीला आलेला शेरीफ पुन्हा कोणाला दिसत नाही. मग तंबाखू चघळणारा मेयर भर गुत्त्यात गावच्या दारुड्याला, वॉशिंग्टन डिम्सडेलला, शेरीफ नेमतो. सगळे पोट धरधरून हसतात.

विनोद हा दुबळ्यांचा कैवारी, असे आपण उगीचच समजतो. मुजोर माणसालाही थट्टा करता येते, आणि ती सगळ्यांत झोंबते. इथली गंमत अशी की म्हातारा डिम्सडेल ही थट्टा खरी मानतो. बाटली सोडतो, सदरा आत खोचतो आणि आपल्या जुन्या शूर साहेबांच्या मुलाला, टॉम डेस्ट्रीला, मदतीला बोलावून घेतो.

घोडागाडीतून डेस्ट्री उतरतो, तो एका हातात बाईमाणसाची छत्री आणि दुसऱ्या हातात पक्ष्याचा पिंजरा घेऊन! सहप्रवासी बाईंचे सामान हो ते. पण गावाला हसायला तेवढे पुरते. शिवाय कमरेला पिस्तूल नाही. वडिलांजवळ पिस्तुले होती, तरी त्यांना पाठीत गोळी बसलीच, हा त्याचा साधा हिशेब. फ्रेंची गाव साफ करायला म्हणून त्याच्या हाती बादली आणि फडके देते. जेम्स स्टुअर्टने ही भूमिका अशी संथ केली आहे, की चिडवणाऱ्यांचीच पंचाईत व्हावी. पुढे एकदा दंगा करणाऱ्या स्वारांची पिस्तुले घेऊन तो पाटीवरचे लाकडी गोळे एकेक करून उडवतो. म्हणजे येत नाही म्हणून नव्हे, नको म्हणून तो शस्त्र बांधत नाही. माझ्या मते चित्रपटाचा कणा हाच.

फ्रेंची झालेली मार्लिन डीट्रिच मूळची बर्लिनची. नाझींनी तिला परत बोलावून पाहिले. ती गेली नाही, आणि १९३९ मध्ये तिने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. आदल्याच वर्षी चित्रपटगृहांच्या मालकांनी जाहिरात देऊन तिला गल्ल्याचे विष ठरवले होते. त्या गंभीर सौंदर्यदेवतेने इथे ऊना मर्केलशी झिंज्या ओढीत मारामारी केली, डेस्ट्रीने ओतलेले पाणी डोक्यावर घेतले आणि गेलेले प्रेक्षक परत मिळवले.

सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटले आणि वर्ष सरतासरता हा चित्रपट आला. तो युद्धावर नाही. पण शस्त्रावाचून कायदा टिकेल का, हा त्याचा प्रश्न त्या वर्षी थट्टेचा राहिला नव्हता. पुढे स्टुअर्टने जर्मनीवर बाँबफेकी विमाने नेली, डीट्रिच आघाडीवरच्या सैनिकांपुढे गायली, आणि मॅक्स ब्रँड युद्धवार्ताहर म्हणून गेला तो १९४४ साली इटलीत मारला गेला.

चित्रपट या प्रश्नावर लबाडी करत नाही, म्हणून मला तो मोठा वाटतो. डिम्सडेलला गुंड पाठीत गोळी घालतात, आणि डेस्ट्री मुकाट्याने वडिलांची पिस्तुले कमरेला बांधतो. इथे कथा आपल्या तत्त्वाला जागली नाही, असे कोणी म्हणेल. मला मात्र तो पराभव पराभव म्हणूनच दाखवलेला दिसतो. गोळीबार ऐन भरात असताना फ्रेंचीने उठवलेल्या गावच्या बायका लाटणी, काठ्या, हाती लागेल ते घेऊन रांगेने येतात आणि गुत्त्यात घुसतात. बंदुकवाल्यांचे हात लुळे पडतात. तरीही केंट उरतोच. त्याची गोळी फ्रेंची अंगावर घेते, आणि डेस्ट्री त्याला टिपतो.

रंगाखाली तुझा चेहरा चांगला असणार, असे डेस्ट्री तिला कधी म्हणाला होता. मरताना ती हाताने ओठांवरची लाली पुसते. अशा हसऱ्या चित्रपटात इतका शांत क्षण मी दुसरा पाहिलेला नाही. शेवटी गाव निर्धास्त झालेले आहे. डेस्ट्रीची नक्कल करत एक पोर मागे चालते आहे. आणि गाडीतून जाणारी मुले फ्रेंचीचेच गाणे म्हणताहेत. स्टुअर्टचा चेहरा क्षणभर उतरतो. मग तो आपल्या सवयीप्रमाणे ओळखीच्या कुणाची तरी गोष्ट सांगू लागतो.